जुन्या हार्ड डिस्कमधलं बिटकॉइन आणि वहीतले बारा शब्द

२६ मे २०२४, रविवार. सोलापूरचं ऊन टाळायचं म्हणून आम्ही पहाटे पाचलाच माळा आवरायला काढला होता. जुना सीपीयू खाली आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, यात काही नाही ना? भंगारवाला येईल आता." मी 'नाही' म्हणणारच होतो, तेवढ्यात २०१५ आठवलं.

मी अशोक चौकात घरूनच चादरी-टॉवेलची जॅकार्ड, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाईन करून देतो. २०१५ च्या मे ते जुलैत मी तीन वेळा थोडं थोडं बिटकॉइन घेतलं होतं. तेव्हा एका बिटकॉइनचा भाव पंधरा ते अठरा हजारांत खेळत होता. माझे एकूण ८१२ रुपये गेले आणि ०.०५ बिटकॉइन मिळालं. एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या साइटवर, न ठेवता मी ते घरच्या संगणकावरच्या बिटकॉइन कोअर या वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आणलं. पुढच्या वर्षी परदेशातल्या एका डिझाईन फाँटसाठी त्यातलं ०.०१२ खर्च केलं. मग एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेचं आभासी चलनांविरुद्धचं परिपत्रक आलं, बँकांनी हात आखडले आणि मीही विषय बंद केला. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण तोवर आमचा संगणक बंद पडून माळ्यावर गेला होता.

त्या डिस्कमधलं उरलेलं बिटकॉइन परत हाताशी आणायला मला साडेसात आठवडे लागले. त्यातला एक आठवडा तरी मी कुणालातरी विचारायला लाजलो म्हणून गेला. तुमच्याकडेही अशी जुनी फाईल पडून असेल, तर माझा वेळ कुठे गेला आणि कुठे वाचला ते सविस्तर लिहितो.

सीपीयू सुरू झाला नाही. हार्ड डिस्क काढून नवी पेठेतल्या एका दुकानात नेली, तर दुकानदार म्हणाले, "ठेवून जा, डेटा काढून देतो, साडेचार हजार." मी नको म्हटलं. त्या डिस्कवरची फाईल म्हणजे पैशाच्या कपाटाची किल्ली होती, ती रात्रभर परक्या टेबलावर कशी ठेवणार? त्याच दुकानातून ६५० रुपयांची सॅटा-यूएसबी केबल घेतली. साध्या केबलवर डेस्कटॉपमधली मोठी डिस्क फिरत नाही, विजेचा वेगळा ॲडाप्टर असलेलीच घ्या. घरी येऊन जोडली आणि डिस्क घरघरू लागली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत उभी राहिली. विंडोजमध्ये लपवलेले फोल्डर दिसतील अशी सेटिंग केली, मग ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात बिटकॉइन. आणि तिथे वॉलेट डॉट डॅट ही फाईल. आकाराने एखाद्या फोटोपेक्षा लहान. १ जूनला तिच्या दोन पेन ड्राइव्हवर प्रती केल्या आणि मूळ डिस्कला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं.

यानंतरचा आठवडा वाया गेला. मी लॅपटॉपवर बिटकॉइन कोअर टाकलं आणि २ जूनला त्याला पूर्ण ब्लॉकचेन, म्हणजे आजवरच्या सगळ्या बिटकॉइन व्यवहारांची नोंद, उतरवायला लावलं. २०१५ मध्ये ती तीस-पस्तीस जीबी होती, २०२४ मध्ये साडेपाचशे जीबीच्या वर गेली होती. माझ्या लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची. 'प्रून' नावाची सोय आहे, तिच्यात जुने ब्लॉक तपासून झाले की पुसले जातात. डिस्क वाचते, पण उतरवावं सगळंच लागतं. त्यात मृगाच्या तोंडावरची वादळं. संध्याकाळी वारा सुटला की वीज जायची, राउटर बंद. रात्री दोनला उठून टक्केवारी बघायचो. ९ जूनला आकडा सत्तावीस टक्क्यांवर होता.

१० तारखेला पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "मामा, अख्खी चोपडी घरी कशाला आणताय? तुमच्या तीन ओळी बघायच्यात ना?"

हे वाक्य मला आठवडाभर आधी ऐकायला मिळायला हवं होतं. बिटकॉइनची सगळी नोंद म्हणजे एक प्रचंड चोपडी. प्रत्येक ब्लॉक हे तिचं एक पान, आणि प्रत्येक पानाला ८० बाइटचं शीर्ष. जूनअखेर साडेआठ लाख पानं झाली. सगळी शीर्षं एकत्र केली तरी ६८ एमबी भरतात. लाइट वॉलेट, म्हणजे अख्खी चोपडी न उतरवणारं वॉलेट, शीर्षांवर काम भागवतं. तुमची नोंद अमुक पानावर आहे याचा छोटासा पुरावा अख्खी चोपडी ठेवणारा सर्व्हर देतो आणि तो शीर्षाशी जुळतो का हे वॉलेट स्वतः तपासतं. ही कल्पना बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या मूळ निबंधातच आठव्या भागात आहे. याची एक किंमत मात्र आहे: कोणते ॲड्रेस (बिटकॉइन जमा होतात ते खाते क्रमांकासारखे पत्ते) तुमचे हे त्या सर्व्हरला कळतं. त्याला तुमचे पैसे हलवता येत नाहीत, पण शिल्लक दिसते. मला ते चाललं. तुम्हाला चालेल का, याचा विचार आधी करा.

आम्ही इलेक्ट्रम हे लाइट वॉलेट निवडलं. थॉमस वोग्टलिन यांनी ते २०११ साली सुरू केलं, आणि इतकी वर्षं टिकलेलं म्हणून मला त्यावर भरवसा वाटला. १५ जूनला, शनिवारी, भाचा सोलापूरला आला. त्याने सर्च इंजिन वापरू दिलं नाही. वर जाहिरातीत येणारी नकली पानं हुबेहूब खरी दिसतात, म्हणून अधिकृत साइटचा पत्ता अक्षर अक्षर टाइप केला. उतरवलेल्या फाईलची डिजिटल सही, म्हणजे ती खऱ्या निर्मात्याचीच आहे याचा पुरावा, क्लिओपात्रा या प्रोग्रॅमने तपासली. यात तासभर गेला आणि मी कंटाळलो होतो. तेव्हा त्याने डिसेंबर २०१८ मधली गोष्ट सांगितली: काही लबाड सर्व्हर इलेक्ट्रमच्या जुन्या आवृत्तीत 'अपडेट करा' असा संदेश दाखवायचे, लोक त्या दुव्यावरून नकली वॉलेट उतरवायचे आणि त्यांचे पैसे जायचे. त्यानंतर मी घड्याळाकडे बघितलं नाही.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी पायरी. प्रायव्हेट कीला, म्हणजे पैसे खर्च करू देणाऱ्या गुप्त किल्लीला, हात लावायच्या आधी नुसते ॲड्रेस टाकून बघा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं, अर्धवट उतरलेली ब्लॉकचेन पुसली आणि कोअरमध्ये जुन्या फाईलची प्रत उघडली. कोअरच्या २०२४ च्या आवृत्तीत ब्लॉकचेन नसली तरी फाईल उघडायची, ॲड्रेस दिसायचे. माझे तीन होते, तिन्ही १ ने सुरू होणारे. कोअर बंद करून वाय-फाय पुन्हा लावलं आणि ते इलेक्ट्रममध्ये 'वॉच-ओन्ली' वॉलेट करून चिकटवले. अशा वॉलेटमधून फक्त बघता येतं, खर्च करता येत नाही. म्हणजे चूक झाली तरी नुकसान शून्य.

रविवारी, १६ तारखेला दुपारी आकडा आला: ०.०३.

माझ्या हिशेबाने ०.०३७९ असायला हवं होतं. ०.०५ मधून ०.०१२ खर्च आणि ०.०००१ फी. पुन्हा बेरीज केली, वहीत मांडली, कॅल्क्युलेटरवर केली. ०.००७९ कमीच. त्या दिवशीच्या भावाने चाळीस हजारांच्या वर रक्कम. मला वाटलं कुणीतरी काढून घेतले. भाचाही गप्प झाला. जेवणं उरकली, शेंगाची चटणी-भाकरी समोर असून घास उतरेना. संध्याकाळी तो गाडीला गेला आणि मी एकटा स्क्रीनसमोर बसलो.

उत्तर स्क्रीनवरच होतं. पहिल्या ॲड्रेसवर ०.०२ आले होते आणि २०१६ मध्ये गेलेही होते. त्या जाण्याच्या व्यवहारावर डबल क्लिक केल्यावर दोन ओळी दिसल्या: एका अनोळखी ॲड्रेसला ०.०१२, दुसऱ्या अनोळखी ॲड्रेसला ०.००७९. किराणा दुकानात दोनशेची नोट देऊन एकशेवीसचा माल घेतला की सुटे परत मिळतात, तसंच. बिटकॉइनमध्ये आलेली रक्कम अख्खीच मोडावी लागते. उरलेले सुटे माझं जुनं वॉलेट परस्पर एका नव्या ॲड्रेसवर ठेवत होतं आणि तो ॲड्रेस मला येणाऱ्या पैशांच्या यादीत दाखवत नव्हतं. त्याला चेंज ॲड्रेस म्हणतात. ज्यांनी जुन्या वॉलेटमधून एकदा जरी खर्च केला असेल, त्यांनी हे नाव ध्यानात ठेवा. मी त्या दिवशी फक्त ओळखीच्या किल्ल्या काढून फाईलच्या प्रती पुसल्या असत्या आणि जुनी डिस्क भंगारात दिली असती, तर ते सुटे कायमचे गेले असते.

तो ॲड्रेस खरंच माझा आहे का, हे बघायला वॉलेटमधल्या सगळ्या किल्ल्या काढायच्या होत्या आणि त्यासाठी २०१५ चा पासफ्रेज, म्हणजे वॉलेटचा पासवर्ड, हवा होता. हिशेबाच्या वहीत मी फक्त 'ग्रामदैवत आणि वर्ष' एवढंच लिहून ठेवलं होतं. ग्रामदैवत सिद्धेश्वर, यात शंका नाही. पण रोमन लिपीत सिद्धेश्वर मी कसं लिहिलं होतं? डी एक की दोन? श साठी एस की एसएच? व साठी व्ही की डब्ल्यू? पहिलं अक्षर मोठं की लहान? सगळे मिळून सोळा प्रकार होतात. ते कागदावर मांडले आणि रोज रात्री काम संपल्यावर एकेक खूण करत गेलो. घाईत दोन प्रकार चुकीचे टाइप झाले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. कोअर कितीही वेळा चुकलं तरी फाईल बंद करून टाकत नाही, हा दिलासा. २० जूनला, गुरुवारी, अकराव्या प्रकाराला उघडलं. मी बायकोला हाक मारली, पण तोंडातून शब्द आला नाही. ती आली, स्क्रीनकडे बघितलं आणि शेजारी बसून राहिली.

कोअरच्या तेव्हाच्या आवृत्तीत कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'डंपवॉलेट' ही आज्ञा दिली की सगळ्या किल्ल्यांची एक साधी मजकूर-फाईल बनायची. वाय-फाय अर्थातच बंद. माझ्या फाईलमध्ये शंभराहून जास्त ओळी होत्या, कारण जुनी वॉलेट्स पुढच्या वापरासाठी किल्ल्या आधीच बनवून ठेवत. बहुतेकांपुढे 'रिझर्व्ह' लिहिलेलं. तीन ओळींपुढे 'लेबल'. आणि एका ओळीपुढे 'चेंज = १'. त्या ओळीतला ॲड्रेस आणि स्क्रीनवरचा ॲड्रेस मी बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवला. जॅकार्डच्या कार्डावर एक भोक सरकलं की अख्ख्या चादरीत तो धागा चुकतो, त्यामुळे ही सवय हाताला आहे. जुळला.

मग नवं वॉलेट. इथे एक निवड करावी लागते. जुनी प्रायव्हेट की इलेक्ट्रममध्ये 'इम्पोर्ट' करता येते, पण तशा वॉलेटला सीडचे शब्द, म्हणजे ज्यांच्यावरून वॉलेट पुन्हा उभं करता येतं ते शब्द, नसतात. फाईल गेली की पैसे गेले, म्हणजे आपण परत होतो तिथेच. दुसरा मार्ग 'स्वीप': आधी बारा शब्दांचं नवं वॉलेट बनवायचं आणि जुन्या किल्लीवरचे पैसे व्यवहार करून त्यात आणायचे. याला नेटवर्कची फी लागते. मी ती आनंदाने भरली. शब्दांच्या वॉलेटमध्ये जुनी किल्ली इम्पोर्ट करायचा प्रयत्न करू नका, इलेक्ट्रम ते करूच देत नाही.

२२ जूनला सरावासाठी एक रिकामं वॉलेट केलं. शब्द इंग्रजीत असतात. मी भरभर लिहिले आणि पडताळणीच्या वेळी पुढे जायचं बटणच उजळेना. शेवटी सापडलं: माझ्या अक्षरात 'क्विझ'चा झेड टी सारखा झाला होता, आणि 'क्विट' हाही त्यांच्या यादीतला खरा शब्द आहे. खऱ्या वॉलेटच्या वेळी मोठ्या लिपीत, एकेक शब्द उच्चारत, बॉलपेनने लिहिले. दोन प्रती. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, ड्राइव्ह नाही. पैसे आणण्याआधी वॉलेटची फाईल पुसून फक्त कागदावरून पुन्हा उघडलं आणि पहिला ॲड्रेस तोच येतो ना हे बघितलं. ही चाचणी रिकाम्या वॉलेटवरच करून घ्या, तेव्हा हात थरथरत नाहीत.

मधले दोन आठवडे कागदांचे. काही हलवायच्या आधी आमच्या सीएंना भेटलो, सल्ल्याचे ५०० रुपये. त्यांनी सांगितलं की स्वतःच्या एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्यात नेणं ही विक्री नव्हे. विकलं तर आयकराच्या तेव्हाच्या कलम ११५बीबीएच नुसार नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा होत नाही, तोटाही दुसरीकडे वळता करता येत नाही. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. "खरेदीचा पुरावा आहे का?" त्यांनी विचारलं. ज्या एक्स्चेंजकडून घेतलं होतं ते कधीच बंद पडलं, पण ईमेलमध्ये तीन पावत्या सापडल्या. बँकेचं २०१५ चं स्टेटमेंट ऑनलाइन मिळत नव्हतं. शाखेत लेखी अर्ज, सोबत पॅनची प्रत, २३६ रुपये शुल्क, आणि "आठ दिवसांनी या". आठव्या दिवशी साहेब रजेवर. अकराव्या दिवशी मिळालं. पावत्यांच्या तारखा आणि स्टेटमेंटमधल्या नोंदी जुळवून त्यांची एक फाईल केली आहे. तुमच्याकडे जुन्या खरेदीचे ईमेल असतील तर आजच छापून ठेवा.

६ जुलै, शनिवार, रात्रीची वेळ. आमच्याकडे त्या दिवशी पाणी आलं होतं. चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे भरणं-साठवणं उरकेपर्यंत नऊ वाजले. इतर सगळे प्रोग्रॅम बंद केले. विंडोजची क्लिपबोर्ड हिस्टरी बंद आहे ना बघितलं, नाहीतर कॉपी केलेली की तिथे साठून राहते. भाचा व्हिडिओ कॉलवर होता, पण कॅमेरा भिंतीकडे वळवलेला. आपला माणूस असला तरी की दिसता कामा नये, हे त्यानेच सांगितलं.

आधी सगळ्यात छोटी रक्कम, ०.०१. वॉलेट, प्रायव्हेट कीज, स्वीप. ५२ अक्षरांची की चिकटवली. माझे ॲड्रेस १ ने सुरू होत असल्याने नुसती की चालली. ३ किंवा बीसी१ ने सुरू होणारे असतील तर कीच्या आधी तिचा प्रकार लिहावा लागतो, नाहीतर शिल्लक शून्य दिसते आणि उगाच धसका बसतो. फी रकमेवर नसते, व्यवहार किती बाइटचा आहे त्यावर असते. माझा १८९ बाइटचा, बाइटला १२ सातोशी (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी), म्हणजे २,२६८ सातोशी. ९ वाजून ४० मिनिटांनी पाठवलं. 'अनकन्फर्म्ड', म्हणजे अजून कुठल्याच ब्लॉकमध्ये नोंद नाही, असं आलं. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण सरासरीच ती. साडेदहा वाजले तरी हललं नाही. बायको म्हणाली, "फी कमी पडली का?" मलाही तीच भीती होती. १० वाजून ३१ मिनिटांनी हिरवी खूण आली.

उरलेल्या दोन किल्ल्या, त्यात ते सुटे, मंगळवारी ९ जुलैला एकत्र स्वीप केल्या. तोवर गर्दी ओसरून बाइटला ८ सातोशी पुरत होते. दोन्ही व्यवहारांची मिळून फी ४,९६४ सातोशी, म्हणजे साधारण अडीचशे रुपये. शेवटची शिल्लक ०.०३७८५०३६. हा आकडा मी वहीच्या हिशेबाशी शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहिला.

जुन्या किल्ल्या मात्र लगेच नष्ट करू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनमधून फुटून बिटकॉइन कॅश हे दुसरं चलन वेगळं झालं तेव्हा ज्यांच्या किल्लीवर बिटकॉइन होतं, त्यांना तेवढंच तेही मिळालं. माझ्याही जुन्या किल्ल्यांवर ते आहे. ते काढायला वेगळं वॉलेट लागतं, पण क्रम महत्त्वाचा: आधी खरं बिटकॉइन नव्या ॲड्रेसवर सुखरूप, मगच जुन्या किल्ल्या दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला द्यायच्या. मी अजून ते केलेलं नाही. मजकूर-फाईल लॅपटॉपवरून पुसली, वॉलेट डॉट डॅटचे पेन ड्राइव्ह ठेवले आहेत.

राहिलं होतं एक काम. मला काही झालं तर बायकोला हे उघडता यायला हवं, नाहीतर मी पुन्हा एक माळ्यावरचा सीपीयूच तयार करून ठेवला असता. मराठीत दीड पान सूचना लिहिल्या: कुठलं पान उघडायचं, कुठलं बटण, कुणालाही फोनवर शब्द सांगायचे नाहीत, अगदी भाच्यालासुद्धा. तिने वाचून चार ठिकाणी खुणा केल्या, "इथे कळत नाही." त्या जागा पुन्हा लिहिल्या. १७ जुलैला, आषाढीला, मी मित्रांबरोबर पंढरपूरला गेलो आणि लॅपटॉपवरची वॉलेटची फाईल मुद्दाम पुसून गेलो. दुपारी नदीकाठच्या गर्दीत फोन वाजला. मागे मृदंग इतके जोरात चालले होते की मी कानावर हात ठेवून भिंतीला टेकलो.

"अहो, उघडलं. पहिला ॲड्रेस आलाय."

मी खिशातली चिठ्ठी काढली. "शेवटची चार सांग."

"के, सात, डब्ल्यू, तीन."